तंतूची ताकद सांगता, सांध्याचे काय?

महोदय,

ॲल्युमिनियममध्ये कार्बन तंतू घालून हलके आणि मजबूत भाग बनवण्याविषयी लिहिताना तंतूची ताकद ठळकपणे दिली जाते. तंतू आणि धातू जिथे भेटतात त्या थराबद्दल मात्र अवाक्षर नसते. तो थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, पण भाग टिकणार की तुटणार हे बरेचसे त्याच्यावरच ठरते.

अडचण ओतकामापासून सुरू होते. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्या तापमानाला कार्बनवर पसरत नाही. अळूच्या पानावरल्या पाण्यासारखे गोळा होऊन राहते. म्हणून वितळलेल्या धातूचा रस दाबाने तंतूंच्या जुडग्यात घुसवावा लागतो. तापमान वाढवले किंवा रस जास्त वेळ तापता ठेवला, की ॲल्युमिनियम कार्बाइडच्या (ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या संयुगाच्या) ठिसूळ सुया तयार होतात. त्या तंतूला खाचा पाडतात, आणि भार आला की तडा तिथूनच सुरू होऊन तंतू आडवा कापत जातो. ही क्रिया 500 अंशांच्या पुढे न वितळलेल्या, घन धातूतही चालते, त्यामुळे नंतरची उष्णता प्रक्रियाही जपून करावी लागते. हे कार्बाइड पाण्याने विघटते आणि मिथेन सोडते. तपासणीचा नमुना पाण्यावर पॉलिश केला तर थराच्या जागी खड्डेच उरतात. तिथे केरोसीन किंवा अल्कोहोल वापरावे.

तंतूंवर निकेलचा मुलामा दिल्याने रस नीट पसरतो. पण निकेल ॲल्युमिनियममध्ये विरघळून स्वतःच ठिसूळ संयुग बनवते, म्हणून मुलामा पातळ आणि ओतण्याचा वेळ कमी हवा. सिलिकॉन कार्बाइडचे तंतू असतील तर उपाय सोपा आहे: मिश्रधातूतच 8 ते 10 टक्के सिलिकॉन ठेवले की ॲल्युमिनियम कार्बाइड बनण्याची क्रिया दबते.

तंतू आणि धातूची पकड जितकी घट्ट तितकी बरी, हा समजही सोडायला हवा. फार घट्ट पकडीत तडा वळत नाही, भाग काचेसारखा तुटतो आणि तुटलेली बाजू सपाट दिसते. फार सैल पकडीत तंतू लांब, स्वच्छ उपसून येतात आणि आडवी ताकद कोसळते. तंतूंच्या दिशेतला ताठरपणा दोन्ही वेळा जवळजवळ तोच राहतो, म्हणून नुसता तो आकडा फसवतो.

तेव्हा अशा भागाची बातमी देताना किंवा तो विकत घेताना तंतूंच्या आडव्या दिशेतली ताकद विचारावी. ती वारंवार तापवून-थंडावून झाल्यावर किती उरते, हेही विचारावे. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षांत सुमारे 23 भाग प्रसरण पावते, कार्बन तंतू लांबीच्या दिशेने जवळपास अजिबात नाही. ही ओढाताण प्रत्येक फेरीत त्या पातळ थरावरच पडते.

– धातुशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे