जमैकाला निघण्याआधी

ह्यूस्टन
१८ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तू आणि मीनल जमैकाला जाताय आणि कपड्यांची सक्ती नसलेल्या रिसॉर्टचा विचार चाललाय, हे वाचून मनापासून आनंद झाला. फोनवर सांगितलं असतं, पण यात आकडे आणि बारकावे फार आहेत, म्हणून लिहूनच पाठवतो. मीनललाही वाचायला दे. निम्मं पत्र तिच्यासाठी आहे.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर जमैकात फिरायला जायला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अडचण येते ती अमेरिकेत परतताना. तुझा नोकरीचा एच-वन आणि मीनलचा जोडीदार म्हणून मिळालेला एच-फोर, दोन्हींचा पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का परतायच्या दिवशी चालू असायला हवा. कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन आलं तर संपलेल्या शिक्क्यावरही येता येतं, ते ऐकून बरेच जण कॅरिबियनलाही तोच नियम लावतात. जवळच्या बेटांसाठी ती सवलत फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. शिक्का संपलेला असेल तर विमानात चढूच देणार नाहीत. तेव्हा तिकीट काढायच्या आधी दोघांचे पासपोर्ट उघडून तारखा बघ. जमैकाचा प्रवेश अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तो निघायच्या आधी भरून टाका.

आता जागा. 'क्लोदिंग ऑप्शनल' आणि 'न्यूड' हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि बहुतेक घोटाळे ते एकच समजल्यामुळे होतात. ऑप्शनल म्हणजे काढायचे त्याने काढावेत, नको त्याने घालून बसावं. न्यूड म्हटलेल्या भागात मात्र कपडे घालून बसता येत नाही, कारण उघड्या माणसांमध्ये एखादाच कपडे घालून बघत बसला की बाकीच्यांना त्रास होतो. जमैकाच्या पश्चिम टोकाला असलेल्या निग्रिलच्या 'हेडोनिझम टू' या रिसॉर्टला अशा दोन स्वतंत्र बाजू आहेत. ते १९७६ साली निग्रिल बीच व्हिलेज म्हणून सुरू झालं. तिथलं वातावरण पार्टीचं आहे, आणि जोडीदाराबाहेरच्या संबंधांना मोकळीक देणारी जोडपीही तिथे बरीच येतात. तुम्हाला ते हवं असेल तर ती जागा उत्तम. पण तुझ्या पत्रावरून तुम्हा दोघांना निवांतपणा हवाय असं दिसतं, आणि पहिल्या खेपेला तर मी 'कपल्स टॉवर आयल'च सुचवेन. उत्तर किनाऱ्यावरच्या ओचो रिओस गावाच्या पूर्वेला आहे, मॉन्टेगो बे विमानतळापासून गाडीने दोनेक तास. हॉटेल १९४९ चं, आणि १९७८ पासून फक्त जोडप्यांसाठी. किनाऱ्यासमोर त्यांचं एक चिमुकलं बेट आहे, होडीने नेतात, आणि कपडे काढायचे ते त्या बेटावर. बाकी सगळं हॉटेल नेहमीसारखं कपड्यांतलं. यातला फायदा असा, की एकाला बेटावर जायचंय आणि दुसऱ्याला आज नकोय, तर कुणाचीच सुट्टी वाया जात नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, सुहास. जोडप्यांचं बिनसतं ते बहुतेक इथेच. एकाला हौस असते, दुसरा त्याचं मन मोडू नये म्हणून तयार होतो आणि मग दोन दिवस गप्प गप्प राहतो. निघण्याआधी दोघांनी वेगवेगळं लिहून काढा: काय चालेल, काय नको, आणि काय तिथे गेल्यावर ठरवायचं. मग कागद एकमेकांना दाखवा. चाल मात्र ज्याला कमी घाई आहे त्याची ठेवायची. पहिल्या दिवशी मीनलला टॉवेल गुंडाळूनच बसावंसं वाटलं तर तो दिवस तसाच जाऊ दे.

बुकिंगआधी रिसॉर्टला लेखी विचार: उघडं राहायची हद्द नेमकी कुठून कुठे आहे? तिथे पूल आणि बार आहे की फक्त वाळू? समुद्रातून जाणाऱ्या होड्यांना तो भाग दिसतो का? हा शेवटचा प्रश्न चुकवू नकोस. १९५६ च्या बीच कंट्रोल कायद्यानुसार भरती-ओहोटीमधली जागा आणि समुद्राचा तळ सरकारी मालकीचा आहे, त्यामुळे समोरून कुणी होडी नेली तर हॉटेल फारसं काही करू शकत नाही. शिवाय २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळ जमैकाच्या पश्चिमेकडच्या वेस्टमोरलँडच्या किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीत धडकलं. तुम्ही जाल तेव्हा कुठल्या खोल्या, कुठला धक्का, कुठली होडी सुरू असेल, हे उत्तरात स्पष्ट आलं पाहिजे. सेंट मार्टिन बेटावरच्या ओरिएंट बे इथलं 'क्लब ओरिएंट' हे तर या प्रकारातलं फार जुनं आणि नावाजलेलं ठिकाण, ते सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळात जमीनदोस्त झालं. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे तुम्ही त्याआधी जाताय. पुढे कधी त्या काळात गेलात तर विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव पडल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी उपयोगाचा नसतो.

आता ऊन. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण अशा सहली बिघडतात त्या लाजेने कमी आणि उन्हाने जास्त. टॉवर आयल साधारण आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्याच अक्षांशावर आहे. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो ना, तसाच तो तिथेही नेमका तुमच्याच आठवड्यात येतो. दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर. कोकणातलं ऊन आपल्याला सवयीचं आहे असं वाटतं, पण ती सवय चेहऱ्याला आणि हातांना. आयुष्यभर कपड्यांखाली राहिलेल्या कातडीला ती अजिबात नाही. आपण सावळे आहोत म्हणून जळणार नाही, हा समज सोडून द्या. नितंब भाजले की बसता येत नाही, झोपता येत नाही आणि विमानात चार तास काढायचे असतात.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, शक्यतो ५०, पाण्यात टिकणारं घ्या. प्रमाण चहाच्या चमच्याने मोज. चेहरा-मान मिळून अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त, प्रत्येक हाताला तेवढंच. छाती-पोट, पाठ आणि प्रत्येक पाय यांना एकेक चमच्याहून थोडं जास्त. आणि एरवी झाकलेल्या भागांसाठी आणखी एक चमचा. एका माणसाला एका वेळी ३५ ते ४० मिलिलिटर झालं. दर दोन तासांनी आणि प्रत्येक पोहण्यानंतर पुन्हा. पाच दिवसांत दोघांना मिळून लिटरभर सहज लागतं, म्हणजे ते हँडबॅगेत नेता येणार नाही, मोठ्या बॅगेतच टाका. रिसॉर्टच्या दुकानात ते फार महाग पडतं. लावायचं खोलीतच, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं, कपडे घालायच्या आधी. किनाऱ्यावर वाऱ्यात लावलं की वाळू चिकटते आणि पट्टे सुटतात. हमखास राहून जाणाऱ्या जागा म्हणजे केसांचा भांग, कानाच्या पाळ्या, स्तनांचा खालचा भाग, नितंब आणि मांडी जिथे मिळतात ती घडी, गुडघ्यांच्या मागे आणि पावलांची वरची बाजू. पाठ एकमेकांची. नाजूक ओलसर त्वचेवर लावू नका, तिथे सावलीच बरी.

पहिल्या दिवशी झाकल्या भागाला प्रत्येक बाजूने १५ मिनिटं ऊन पुरे, तेही सकाळी दहाच्या आत नाहीतर साडेतीननंतर. मधला वेळ सावलीत काढा, आणि छत्रीखालीही सनस्क्रीन लावून बसा, कारण पांढरी वाळू आणि पाणी खालून ऊन फेकतात. मुरुमांसाठी किंवा संसर्गासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, त्यावर ऊन फार लवकर लागतं. स्नॉर्कलिंगला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालाच. पाणी थंड असतं म्हणून पाठ भाजतेय हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. तिथे रमच्या पेल्यात लिंबू पिळतात. तोच रस लागलेला हात अंगावर फिरला आणि वर ऊन पडलं, तर एक-दोन दिवसांनी बोटांच्या आकाराचे भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळपट डाग कित्येक आठवडे राहतात. लिंबू हाताळलं की साबणाने हात धुवा.

समुद्रातली एक बाब मात्र तुमच्या बाजूची आहे. मार्च ते ऑगस्टमध्ये तिथल्या पाण्यात एका लहानशा जेलीफिशची जवळजवळ न दिसणारी पिल्लं असतात. ती पोहण्याच्या कपड्यांत अडकतात, दाबली गेली की डंख मारतात आणि नेमकी कपड्याखालीच लाल खाज उठते. कपड्यांविना पोहणाऱ्याला हा त्रास कमी होतो. कपडे घालून पोहलात तर ते उतरवूनच गोड्या पाण्याखाली जा. अंगावर ठेवून शॉवर घेतला तर अडकलेल्या पिल्लांचे डंख आणखी सुटतात.

सामानात सगळ्यात कामाची वस्तू आपल्याकडचीच आहे. दोघांसाठी दोन-दोन सुती पंचे घ्या. अंगभर होतो, पंधरा मिनिटांत वाळतो, घडी खिशात मावते. अशा प्रत्येक ठिकाणचा पहिला नियम म्हणजे कुठेही उघडं बसायचं तर स्वतःचं वस्त्र खाली घालून. खुर्ची असो, बारचं स्टूल असो, नाहीतर मित्राच्या शेजारची बाकडी. रिसॉर्टचा टॉवेल मिळतो, पण तो जाडजूड आणि बहुतेक वेळा ओला. पंचा खांद्यावर असला की जेवायला निघताना कमरेला गुंडाळता येतो, कारण जेवणघरात आणि लॉबीत अंग झाकावंच लागतं.

मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवा. धातू उन्हात तापतो, त्याखालचा पट्टा गोरा राहतो आणि गार पाण्यात बोटं आकसली की अंगठी निसटते. दाढी सोडून बाकीचं वॅक्सिंग किंवा वस्तरा निघण्याच्या निदान दोन दिवस आधी उरका, नाहीतर खारं पाणी झोंबतं आणि पुळ्या येतात. ज्यांना सवय नाही त्यांनी कात्रीने कमी केले तरी पुरे, तिथे कुणी बघत नाही. मीनलची पाळी त्या आठवड्यात आली तर कप उत्तम. टॅम्पॉन असेल तर दोरा आत सारून ठेवता येतो, आणि साधी काळी शॉर्ट्स घातली तरी ऑप्शनल भागात कुणी काही म्हणत नाही.

पुरुषांना एक काळजी असते आणि ती विचारायला लाज वाटते, म्हणून मीच लिहितो. शरीराने नको तेव्हा प्रतिसाद दिला तर पालथं व्हावं, पंचा घ्यावा किंवा पाण्यात जावं. तो मिनिटभराचा प्रश्न आहे. मिरवणं मात्र वाईट. पहिली वीस मिनिटं अवघड जातात, मग माणसं चेहऱ्यानेच ओळखू येऊ लागतात. बोलताना नजर चेहऱ्यावर. कुणी जवळीक सुचवली तर "नाही, धन्यवाद" एवढं पुरतं, कारण द्यावं लागत नाही, आणि तुम्हालाही कुणी तसं म्हटलं तर विषय तिथेच संपला. फोन किनाऱ्यावर नेऊच नका. पुस्तक फोनवर वाचायचं असेल तरी नको, समोरच्याला कॅमेऱ्याचं भिंग दिसतं. घरच्यांना दाखवायला फोटो लागतीलच, ते कपड्यांतल्या बाजूला पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

हद्दीबाहेर, म्हणजे रस्त्यावर, बाजारात, सार्वजनिक किनाऱ्यावर, पुरते कपडे. लष्करी छापाचे कपडे तर अजिबात नेऊ नका, जमैकात साध्या नागरिकाने ते घालणं बेकायदा आहे. गांजा बाळगण्यावर २०१५ पासून दोन औंसांपर्यंत फौजदारी गुन्हा लागत नाही, नुसता दंड होतो. पण विमानतळावर सापडला तर प्रकरण गंभीर होतं, आणि तुमच्या व्हिसाला ते परवडणारं नाही. टॅक्सी लाल नंबरप्लेटचीच घ्या. संध्याकाळी वाळूतले बारीक किडे आणि डास येतात. डेंग्यू तिथे आहे, तेव्हा डासांना दूर ठेवणारं २० टक्के पिकॅरिडिनचं औषध सनस्क्रीनच्या वर, नंतर लावा.

मेमध्ये तिथे पाऊसही असतो, बहुतेक दुपारची सर. ती वेळ जेवणाला ठेवा. मीनल शाकाहारी आहे तर तिला 'आयटल' मागायला सांग. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या लोकांचं बिनमांसाचं जेवण असतं ते, बरेचदा बिनमिठाचंही. 'कॅललू' म्हणून जी पालेभाजी सकाळी येते ती आपल्या माठाचीच बहीण आहे, चव ओळखीची लागेल. तू बोकडाची करी खाऊन बघ. १० मे १८४५ ला पहिले भारतीय मजूर जहाजातून जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला उतरले. करी त्यांचीच, आणि गांजा हा शब्दही त्यांचाच. तुम्ही तिथे असाल त्याच आठवड्यात तो दिवस साजरा होतो.

पासपोर्टांच्या तारखा बघितल्यास की कळव, आणि रिसॉर्टचं उत्तर आलं की मला पाठव, एकत्र वाचू. मीनलचा कागद मात्र मला नको, तो तुम्हा दोघांतच राहू दे.

तुझा,
विवेक