कडुनिंबाला टांगलेला काटा

ता. आर्वी, जि. वर्धा
१२ नोव्हेंबर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस की, बुटीबोरीच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली असलेल्या बावीस जणांपैकी पाच जण आठ महिन्यांत काम सोडून गेले आणि त्यावर उपाय म्हणून वरिष्ठांनी दर महिन्याला एका उत्तम कामगाराचा फोटो फलकावर लावायचे ठरवले आहे. त्या वेळी घरी पाहुणे बसले होते, म्हणून मी हो-हो करून फोन ठेवला. फोटोला माझी हरकत नाही. पण ते पाच जण फोटो लागला नाही म्हणून गेले असतील, असे मला काही केल्या वाटेना.

तू सातवीत असतानाचा हंगाम आठव. सीतादही म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा करून कापसाची पहिली वेचणी सुरू केली तेव्हा अकरा बाया येत होत्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर एकही आली नाही. त्या वर्षी संध्याकाळचे भारनियमन असल्यामुळे मी गाठोडी बंडीत टाकून घरी आणत असे, ओसरीत टॉर्चच्या उजेडात तोलत असे, आणि फडक्याचे व दवाचे म्हणून प्रत्येक गाठोड्यामागे अर्धा किलो वजा करून वहीत आकडा मांडत असे. यात लबाडी आहे असे मला तेव्हा वाटले नाही. सगळेच तसे करत. बाया मात्र पलीकडच्या शिवारात गेल्या, आणि तिथे तर किलोमागे रुपया कमी मिळत होता. तुझी आई विचारायला गेली तेव्हा त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली, “भाव कमी असन तं चालते बाई, पन काटा डोयानं दिसला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी काटा शेतातल्या कडुनिंबाला टांगला आणि आकडा मोठ्याने वाचायला तुला उभे केले. सर्वांसमोर रिकामे फडके तोलून पाहिले, तर ते पाव किलोही भरले नाही. म्हणजे रोज प्रत्येकीचा निदान पाव किलो कापूस मी खात होतो, आणि वर स्वतःला सरळ माणूस समजत होतो. त्या क्षणी माझी मान खाली गेली, हे तुला आजवर सांगितले नव्हते. बाया परत आल्या. पण सगळ्या नाही, आठच.

तुझ्या विभागातला काटा म्हणजे ओव्हरटाइमची वही. पाळी सुटताना तास तू मांडतेस आणि कामगाराला ते महिनाअखेरीस पगाराच्या चिठ्ठीतच कळतात, असे तू एकदा बोलली होतीस. जादा तासाला दुप्पट दर हा कायद्याने दिलेला हक्क आहे; त्यात अर्ध्या तासाची काटछाट झाली तर ती किती रुपयांची, हा हिशेब तू करणार नाहीस, पण कामगार घरी जाताना बसमध्ये तोच करत असतो. वही यंत्राजवळच्या टेबलावर उघडी ठेव आणि ज्याचे तास त्याला त्याच दिवशी पाहू दे.

आणखी एक गोष्ट तू ओघात सांगितलीस आणि मला तीच मुख्य वाटली, ती ही की गेलेल्या पाचांपैकी चौघे ठेकेदाराकडचे होते. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हावा, हा लहान कारखान्यांसाठीचा नियम १९३६ च्या कायद्यापासून चालत आला आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही तोच धरला आहे. ठेकेदाराने पैसे थकवले तर ते चुकते करण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते. तेव्हा ‘ती माणसे आमची नाहीत’ हे उत्तर तुझ्या कार्यालयात कोणी दिले, तर नम्रपणे पण लेखी विचार. ज्याचा किराणा उधारीवर चालतो, त्याला पंधरा तारखेला मिळालेला पगार म्हणजे दुकानदारासमोर आठ दिवस मान खाली घालणे असते.

तू पाठवलेल्या प्रशिक्षणाच्या टिपणात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील १९२४ ते १९३२ मधल्या प्रयोगांविषयी वाचले. उजेड कमी-जास्त केला तरी काम वाढले, म्हणजे आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे याने माणूस हुरूपतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या. माझे म्हणणे इतकेच की, लक्ष देणे आणि पाळत ठेवणे यांतला फरक कामगाराला पहिल्याच दिवशी कळतो.

मला त्याहून जवळचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचे वाटते. धानोरा तालुक्यातले हे छोटे गोंड गाव. २००९ मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. आधी अभ्यासगटात विषयाची फोड करायची, मग सभेत बसायचे, आणि कोणाची अडचण उरली असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. यात वेळ जातो, हे खरे, आणि कारखान्यात प्रत्येक बाब अशी चालणार नाही. पण पाळ्यांची अदलाबदल, दिवाळीच्या सुट्या, नवे यंत्र कोणी आधी शिकायचे, एवढे तरी त्या बावीस जणांना ठरवू दे. आपला सालगडी चौदा पाडवे आपल्याकडेच राहिला, तेव्हा लोक त्याच्या इमानाचे कौतुक करत. आधी कोणते वावर पेरायचे हे तो ठरवत असे आणि मी त्यात हात घालत नसे, हे कोणी पाहिले नाही.

चूक झाली तर बाजूला नेऊन बोल, एवढे तुला सांगायला नकोच.

ज्या मुलाने राजीनाम्याची चिठ्ठी दिली आहे, त्याला थांबवण्यासाठी बोलावू नकोस. त्याचे कुठे काय चुकीचे मोजले गेले, एवढेच विचार आणि तो बोलत असताना वहीत काही लिहू नकोस.

शनिवारी आपली दुसरी वेचणी सुरू होईल. काटा तोच आहे, आकडा वाचायला आता शेजारची नात येते. उघड्या वहीचे काय झाले ते सवडीने लिहून कळव.

तुझे,
बाबा