एरिनीस सोडण्याआधी

प्रिय मित्रा,

फासे टाकत पात्रं रंगवायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळात तू गोष्ट चालवतोस, त्याबद्दलचं तुझं पत्र वाचून हसू आलं आणि तुझी कीवही. ज्या म्हाताऱ्याने रात्री आसरा दिला, त्याचाच गळा तुझ्या पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीतल्या, चोराने चिरला, आणि वर खेळाडू म्हणतो, ‘माझं कॅरेक्टर असंच आहे!’ आता तू त्याच्यावर एरिनीस, म्हणजे सूड घेणाऱ्या ग्रीक देवता, सोडणार. सोड की. पण मी केलं तसं नको करूस.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या राक्षसांच्या पुस्तकापासून एरिनीस म्हणजे नरकातली सैतानीण. मी तीच उचलली. लढाईच्या तीन फेऱ्यांत कॅरेक्टर खलास. खेळाडूने निमूटपणे नव्या कॅरेक्टरची शीट भरली आणि पुढच्या वेळी तसाच दुसरा गुंड घेऊन हजर!

मूळच्या ग्रीक एरिनीस फार काटेकोर. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड सांगतो, क्रोनस या देवाने बापाला, आकाशदेव युरेनसला, खच्ची केलं, तेव्हा धरतीवर सांडलेल्या रक्तातून त्या जन्मल्या. त्यामुळे आप्तांचं रक्त, मोडलेली शपथ, यजमानाशी दगा, असल्या पापांवर त्यांची नजर. भुरट्या चोरीसाठी त्या उठत नाहीत. ग्रीक नाटककार एस्किलसच्या इ.स.पू. ४५८ च्या नाटकात आईचा खून केलेला ओरेस्टिस त्यांना विचारतो, आईने बापाला मारलं तेव्हा तिच्यामागे का नाही लागलात? उत्तर काय, तर तो तिच्या रक्ताचा नव्हता. घ्या!

तुझा चोर मात्र नेमका त्यांच्या तावडीतला. पहिल्या रात्री काही दाखवू नकोस. हात धुतले तरी रक्ताचा वास जात नाही, एवढंच सांग. नाटकात त्या वासावरूनच माग काढतात. दुसऱ्या रात्री पार्टीचं कुत्रं त्याच्याजवळ बसेना. तिसऱ्या रात्री लाँग रेस्टनंतर, म्हणजे खेळातल्या रात्रभराच्या विश्रांतीनंतर, बाकीचे ताजेतवाने, याचे हिट पॉइंट (जीव किती उरलाय ते गुण) होते तेवढेच. फासे टाकायला लावूच नकोस. टेबलावर कशी शांतता पसरते ते बघ.

सुटकेची वाट मात्र ठेव. ओरेस्टिसचा खटला अथेन्समध्ये चालला, मतं समसमान पडली आणि अथीना देवीच्या कौलाने तो सुटला. तुझ्याकडे पंच म्हणून बाकीचे खेळाडू आहेतच. मतं चिठ्ठीवर घे, म्हणजे मैत्री आड येणार नाही.

आणि खरं सांग, चिडलंय कोण? म्हाताऱ्याचं भूत की तू? तू असशील, तर एरिनीसना झोपू दे आणि त्या खेळाडूला सरळ फोन कर.

बाय द वे, त्या म्हाताऱ्याला नाव दिलं होतंस का? नसेल तर आधी ते दे.

तुझाच,
फासेवाला