रविवारचा 'डिप्लोमसी'चा डाव : सातही जणांनी वाचावं

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या हॉलवर 'डिप्लोमसी'चा (युरोपच्या नकाशावर सात देशांनी खेळायचा युद्धाचा खेळ) पट मांडतोय. पुरे ७ खेळाडू लागतात, एक गळला तरी डाव बिघडतो. येणार की नाही, ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. देश चिठ्ठ्या टाकून ठरतील. "मला इंग्लंडच हवं" ऐकून घेतलं जाणार नाही.

नव्यांसाठी : यात फासे नाहीत. सुरुवात १९०१च्या वसंतात, नकाशावर केंद्रं (तुकड्यांना रसद पुरवणारी ठिकाणं) ३४, त्यातली १८ ज्याच्या हाती तो जिंकला. रशियाला सुरुवातीला ४ तुकड्या, बाकीच्यांना ३. एवढ्याशा बळावर एकट्याचं काही चालत नाही, शेजाऱ्याचा पाठिंबा मागावाच लागतो. तो शब्द पाळेल याची हमी मात्र नियमांत कुठेच नाही. हुकूम (आपल्या तुकड्यांनी काय करायचं ते) सगळे गुपचूप लिहितात आणि एकदम उघडतात. खरी गंमत तिथेच.

- बोलणी पहिल्या फेरीआधी ३० मिनिटं, पुढे १५.
- वेळेत हुकूम न दिल्यास तुकड्या जागच्या जागी राहतील.
- खोटं बोलायला मुभा आहे. दुसऱ्याचा कागद चोरून वाचायला नाही.
- "आज मला सोड, पुढच्या डावात तुला सोडतो" असले सौदे बंद.

मागच्या खेपेला काळ्या समुद्रावरून रशिया आणि तुर्कस्तान दोन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते. (तुर्कस्तान मीच होतो, आणि मला अजूनही पश्चात्ताप नाही.) यंदा रुसवेफुगवे हॉलच्या दारापर्यंतच.

डाव संध्याकाळपर्यंत चालतो, डबा आणा. पेनही आपापलं.