सेनापती मोठा कशामुळे? आधी शिधा बघा

मा. संपादक,

स.न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला महान सेनापतींवरचा लेख वाचला, छान आहे पण सगळा भर तलवार, घोडदळ आणि किती लढाया मारल्या यावरच, आणि पूर्व रोमन साम्राज्याचा बेलिसारियस तर दोन ओळींत उरकलाय, ते मला पटलं नाही म्हणून लिहितोय.

इ.स. 533 मध्ये जस्टिनियन बादशहाने त्याला कॉन्स्टँटिनोपलहून उत्तर आफ्रिकेत राज्य करणाऱ्या व्हँडल या जर्मानिक टोळीवर पाठवलं. 10,000 पायदळ, 5,000 घोडदळ, 500 गलबतं. सोबत असलेल्या प्रोकोपियस या इतिहासकाराने सगळं लिहून ठेवलंय. आघाडीच्या तीन गलबतांची शिडं वरच्या कोपऱ्यात लाल रंगवली आणि रात्री नाळेवर काठ्या उभारून दिवे टांगले, म्हणजे मागचे कोणी भरकटायला नकोत. पण राजधानीतल्या बड्या अधिकाऱ्याने सरपण वाचवायला सैनिकांचा पाव हमामखान्याच्या भट्टीवर अर्धाकच्चाच काढला होता, त्याचा भुगा झाला, बुरशी आली आणि ग्रीसमध्ये मेथोनीला तो खाऊन 500 माणसं मेली, शत्रू दिसायच्याही आधी! बेलिसारियसने ताबडतोब तिथला पाव वाटला आणि बादशहाकडे तक्रार केली. आपल्याकडे तांडेल बोट समुद्रात न्यायच्या आधी पाणी, बर्फ, शिधा स्वतः बघतो ना, ती नजर सेनापतीला हवीच.

आफ्रिकेत उतरल्यावर काही शिपायांनी शेतातली फळं तोडली, त्यांना त्याने लगेच शिक्षा केली, कारण इथले लोक आपल्या बाजूला राहिले तरच आपण टिकू हे त्याला कळत होतं. मग व्हँडलांची राजधानी कार्थेज हातात आली तेव्हा लूट नाही, जाळपोळ नाही, बाजार चालू! माझ्या मते जिंकलेल्या लढाईपेक्षा हे मोठं.

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे, चिपळूणजवळ छावणी असताना शिवाजी महाराजांनी लष्कराला लिहिलेलं पत्र आहेच की, कुणब्यांचे दाणे, गवत, भाजी उचलू नका, बाजारातून विकत घ्या. जवळपास 1100 वर्षांचं अंतर, पण काळजी तीच.

बेलिसारियस हरलाही आहे, 531 मध्ये आजच्या सीरियातल्या कॅलिनिकमला इराण्यांकडून, स्वतःच्याच सैनिकांच्या आग्रहाने नको ती लढाई घेऊन. तेही छापा, आणि पुढच्या लेखात रसद आणि शिस्त यांना निदान एक कॉलम तरी द्या.

एक वाचक,
चिपळूण