दोष कोणाच्या खात्यावर?

दादर, मुंबई

चि. सलील,

अनेक आशीर्वाद.

दर रविवारी परीक्षणांचं सदर, आठशे शब्दांचं, आणि त्यात एक सिनेमा, एक मालिका नि एक गेम बसवायचा, असं म्हणालास. फोनवर सांगितलं असतं तर निम्मं विसरला असतास, म्हणून लिहून पाठवते.

पहिली गोष्ट जागेची. तिघांना सारखी वाटणी करू नकोस. त्या आठवड्यात ज्याबद्दल खरंच काही सांगण्यासारखं आहे त्याला साडेचारशे शब्द दे, दुसऱ्याला दोनशे-सव्वादोनशे, आणि उरलेल्यात तिसरं उरक. मोठा मान कायम सिनेमालाच द्यायचा हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, तो सोड. गेम खेळणारा वाचक तुझ्या सदराकडे येईल तो तिथे त्याला हिशेबात धरलंय म्हणून.

आता मुख्य मुद्दा. बघताना काहीतरी खटकतं. ते खटकलेलं कोणाच्या खात्यावर टाकायचं, हे ठरल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस. दिग्दर्शकाच्या, लेखकाच्या, थिएटरच्या, टीव्हीच्या, इंटरनेटच्या, की तुझ्या अपुऱ्या झोपेच्या? निम्म्या परीक्षणांत दुसऱ्याचा दोष तिसऱ्याच्या माथी मारलेला असतो.

थिएटरपासून सुरुवात कर. चित्र अंधारं वाटलं की ‘छायाचित्रण काळवंडलेलं’ असं लिहून मोकळं होता येतं. पण डिजिटल प्रोजेक्शनचा ठरलेला उजेड पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) असतो, आणि तो सगळीकडे मिळतो असं नाही. दिव्याचं आयुष्य संपत आलेलं असतं, किंवा थ्रीडीसाठी लावलेली जोडणी न काढताच साधा खेळ लावलेला असतो. ओळखायचं कसं? सिनेमाआधीच्या जाहिराती आणि ट्रेलर नीट बघ. त्यातला पांढरा सदरासुद्धा राखाडी दिसत असेल तर दोष प्रोजेक्टरचा. ट्रेलर लख्ख आणि सिनेमाच काळोखा असेल, तर मग छायाचित्रकाराला जाब विचार.

आवाजाचंही तेच. मिश्रण करताना स्टुडिओत आवाजाची जी पातळी धरलेली असते, ती थिएटरच्या ध्वनियंत्रावर ७ या आकड्यापाशी येते. जाहिराती कर्कश म्हणून प्रेक्षक कुरकुरतात, मग ऑपरेटर आकडा ५ वर किंवा त्याहून खाली आणून ठेवतो आणि सिनेमा लागला तरी तो तिथेच राहतो. परिणाम असा की हाणामारी ऐकू येते, कुजबुज जाते. ‘संवाद नीट ऐकू येत नाहीत’ हे वाक्य तू लिहिशील तेव्हा दुसऱ्या थिएटरात निदान दहा मिनिटं ऐकून आलेला असावास. ते जमलं नाही तर कुठल्या प्रकारच्या पडद्यावर पाहिलं एवढं तरी सांग. बसायचं मधल्या खुर्च्यांत, पडद्यापासून साधारण दोनतृतीयांश मागे. कोपऱ्यात बसलास तर एका बाजूचे स्पीकर कानावर येतात आणि बाकीचे नावापुरते.

मध्यंतराची गंमत वेगळी. हिंदी-मराठी सिनेमात मध्यंतर पटकथेतच लिहिलेलं असतं, त्यामुळे ‘मध्यंतरानंतर पकड सुटते’ या तक्रारीला अर्थ आहे. परदेशी सिनेमात ते आपल्याकडे मागाहून घुसवतात, कधीकधी चालू प्रसंगाच्या पोटातच. तिथे ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ म्हणणं म्हणजे समोसेवाल्याच्या सोयीवर दिग्दर्शकाला गुण देणं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकतं, त्यावरची लांबी टिपून घे आणि परदेशातल्या लांबीशी ताडून बघ. दोन-तीन मिनिटांचा फरक दिसला तर कात्री लागलीय का ते तपास. तुला तुटक वाटलेला प्रसंग कदाचित मुळात तुटक नसेल. वर्गवारीही जाता जाता सांगत जा. २०२४ च्या नियमांपासून यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झालेत आणि घरात मुलं असलेल्या वाचकाला ते हवं असतं. डब केलेलं पाहिलंस तर तसं लिही. डबिंगमध्ये नटाचा अर्धा अभिनय दुसऱ्याच्या गळ्यातून येतो.

थिएटर सुटलं, आता खुद्द कलाकृती. आपल्या मराठी परीक्षणांत काही वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीत. ‘भूमिकेला पुरेपूर न्याय दिला आहे.’ ‘पार्श्वसंगीत कथेला पूरक.’ ‘संकलन अधिक धारदार हवं होतं.’ यातलं शेवटचं सगळ्यांत घातक, कारण ते जाणकाराचं वाटतं. संकलकाच्या हाती काय चित्रीकरण आलं ते तुला दिसलेलं नाही. म्हणून लांबलेला प्रसंग असा तपास: पात्रं जे बोलतायत ते प्रेक्षकाला आधीच माहीत आहे का? असेल तर दोष पटकथेचा. माहिती नवी आहे, पण वाक्य संपल्यावरही शॉट उगाच रेंगाळतो? मग संकलन. शॉट वेळेवर सुटतो, तरी जड वाटतं, कारण दोन नट एकमेकांचं ऐकतच नाहीत, आपापली पाळी आली की बोलतात? तो दिग्दर्शन आणि अभिनयाचा प्रश्न. एवढं केलंस की ‘धारदार’ हा शब्द आपोआप गळून पडेल.

आणि लांबणं हा दरवेळी दोषही नसतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) पुन्हा बघ, या वेळी वही घेऊन. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, माणसं बोलून निघून गेली तरी चौकट तशीच राहते. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टातून निघते, लोकलने घरी जाते, स्वयंपाकाला लागते, कुटुंबासोबत मराठी नाटकाला जाते. खटल्याच्या दृष्टीने यातलं काहीच ‘लागत’ नाही. पण कोर्टात निर्विकारपणे कलमं वाचणारी ही बाई कुठून येते आणि कशावर हसते, ते त्यातून कळतं. शेवटी सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. सिनेमा तिथेच थांबला असता तर कोणी तक्रार केली नसती. तो पुढे जातो: न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर त्यांना डुलकी लागलीय, मुलं ओरडून दचकवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि परत डोळे मिटतात. ही मिनिटं जादा आहेत असं तुला वाटत असेल तर खुशाल लिही, पण ती काढली तर काय जाईल तेही त्याच परिच्छेदात लिही. मला विचारशील तर अख्ख्या सिनेमाचा निकाल त्या थपडेत आहे.

(हो, मी शेवट सांगितला. दहा वर्षांहून जुन्या सिनेमाला चालतं. चालू आठवड्यातल्या गोष्टीचा पहिल्या एकतृतीयांशापर्यंतचाच मजकूर उघड कर, पुढचं आणि शेवट सांगू नकोस.)

मालिकेत पहिली अडचण वेळेची. पन्नास मिनिटांचे आठ भाग म्हणजे जवळजवळ पावणेसात तास. दीडपट वेगाने बघून वेळ वाचवायचा मोह होईल. तो आवर, कारण वेग बदलला की नटाचा थांबा बदलतो, आणि तू नेमकं त्यावरच मत देणार असतोस. चारच भाग बघून झाले असतील तर ‘आठपैकी चार’ असं पहिल्या परिच्छेदात लिही. त्यात कमीपणा नाही.

घरच्या टीव्हीचं मोशन स्मूदिंग आधी बंद कर. कंपनीगणिक नाव वेगळं असतं, ट्रूमोशन म्हण, मोशनफ्लो म्हण. सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात सापडेल. सेकंदाला २४ चौकटींत चित्रित केलेल्या दृश्यात टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो आणि लाखमोलाचं छायाचित्रण दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. टीव्हीत फिल्ममेकर मोड (चित्र मुळात जसं आहे तसं दाखवणारं सेटिंग) असेल तर तोच लाव. रात्री नऊला अख्खी बिल्डिंग इंटरनेटवर बसलेली असताना अंधारे प्रसंग बघू नकोस. वेग पडला की चित्राचा दर्जा आपोआप उतरतो आणि काळ्या भागात चौकोन दिसू लागतात. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग २८ एप्रिल २०१९ ला आला तेव्हा ‘काहीच दिसत नाही’ म्हणून जगभर ओरड झाली होती. त्यात छायाचित्रकाराची निवड किती, प्रसारणातलं दाबलेलं चित्र किती आणि घरोघरचे टीव्ही किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तू निदान उच्च दर्जात डाउनलोड करून, खोलीतला दिवा बंद करून बघ.

‘अ‍ॅडोलेसन्स’बद्दल (मार्च २०२५, चार भाग) सगळ्यांनी एकच लिहिलं: प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये! ही बातमी झाली, परीक्षण नव्हे. सलग शॉटने काय मिळालं आणि काय गमावलं ते शोध. तिसरा भाग घे. जवळजवळ सगळा एका खोलीत, मानसशास्त्रज्ञ बाई आणि खुनाचा आरोप असलेला मुलगा समोरासमोर. नेहमीच्या मालिकेत संकलक प्रत्येक वाक्याला ज्याचा चेहरा जास्त बोलका त्याच्यावर जातो. इथे कॅमेरा टेबलाभोवती फिरतो आणि एका वेळी एकाचाच राहतो, म्हणून पुष्कळदा बोलणाऱ्याऐवजी ऐकणारी बाई दिसते. मुलगा भडकतो तेव्हा आपणही तिच्यासारखेच त्याच्यासमोर सापडतो. ही कमाई. किंमत दुसऱ्या भागात दिसते: शाळेत एका प्रसंगातून दुसऱ्यात जायला पात्रांना खरोखर चालत जावं लागतं, आणि त्या वरांड्यांमधल्या चालण्यात ताण कधी वाढतो, कधी नुसता वेळ जातो. कुठे वाढतो नि कुठे जातो, मिनिटासकट टिपलंस की तुझा मजकूर इतरांपेक्षा वेगळा होईल.

गेम सगळ्यांत अवघड, कारण तिथे खाती सगळ्यांत जास्त. कशावर खेळलास, कुठली आवृत्ती, काठिण्य कुठलं, किती तास, कुठपर्यंत पोचलास, या पाच गोष्टी एका वाक्यात यायलाच हव्यात. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला. आधीची परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती, कारण समीक्षकांना तीच आवृत्ती मिळाली होती. जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो इतका मोडका निघाला की सोनीने आठवडाभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. परत आला जून २०२१ मध्ये. सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचनंतर (मोठ्या दुरुस्तीनंतर) तर खेळण्याची पद्धतच बरीच बदलली. म्हणजे एकाच नावाचे निदान तीन गेम. आवृत्ती न लिहिता दिलेलं मत यातल्या कुठल्याला लागू होतं?

दुसरा नमुना ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३’चा. पाळीपाळीने लढायचा गेम, पण शत्रूचा वार अंगावर येताना ऐन क्षणी बटण दाबून चुकवायचा किंवा परतवायचा. परतवण्याची फट चुकवण्याच्या फटीपेक्षा अरुंद आहे. ती साधत नाही म्हणून ‘लढाई अन्यायकारक’ असं लिहिण्याआधी हे कर. टीव्ही गेम मोडवर आहे का बघ. नसेल तर चित्रावर प्रक्रिया करण्यात काही टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या आसपास खातात. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर त्या सहा चौकटी झाल्या. मग ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लाव, कारण ब्लूटूथवर आवाज आणखी दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो आणि या गेममध्ये वाराची चाहूल कानालाही लागते. त्यानंतर नव्या शत्रूपुढे आधी नुसतं चुकवत राहा. चुकवल्यावर ‘परफेक्ट’ असं उमटलं की समज, त्याच क्षणी परतवताही आलं असतं. एवढं करूनही हात बसत नसेल तर तक्रार जरूर कर, कुठल्या शत्रूचा कुठला वार फसवा आहे ते सांगून.

गेमबद्दल कथा कमी सांग, हाताला काय करावं लागतं ते जास्त सांग. ‘व्हेंबा’त कॅनडातल्या तमिळ आईची फाटकी, पुसट झालेली पाककृतींची वही आहे आणि गाळलेल्या पायऱ्या अंदाजाने जुळवून तुलाच रांधायचंय. जे विसरलं गेलंय ते हातानेच भरून काढावं लागतं, म्हणून दोन तासांच्या आतला हा गेम लक्षात राहतो. पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’त (२०२०) कथेचे तुकडे बाहुल्यांच्या खेळासारखे येतात, तेही असंच बघ: हात थांबतो तेव्हा डोळ्यांना काय मिळतं? स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून पहिल्या दोन तासांत गेम काय दाखवतो नि काय लपवतो हे वाचकाच्या थेट कामाचं.

तारे द्यायला लावलेच तर अर्धे तारे टाळ. साडेतीन म्हणजे मत न बनवण्याची सोय.

वेळापत्रक असं जमेल: सोमवार ते बुधवार गेम, गुरुवारी मालिका, शुक्रवारी सिनेमाचा पहिला किंवा दुसरा खेळ, त्याच रात्री कच्चा मजकूर, शनिवारी सकाळी विशेषणं काढणं. अंधारात लिहायला छोटी वही ने, एका पानावर एकच नोंद, नाहीतर ओळीवर ओळ चढते आणि बाहेर आल्यावर स्वतःचं अक्षर लागत नाही. मोबाइलच्या उजेडात टिपलंस तर मागच्या रांगेतला बोलेल, आणि बरोबर बोलेल. गेमचं परीक्षण ज्या वेळेआधी छापायचं नसतं ती बंदीची वेळ पुष्कळदा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेत येते. सकाळी ९ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तिथली घड्याळं फिरतात, तेव्हा दोनदा तपास. एक तास आधी छापलंस तर पुढचा गेम तुझ्याकडे येणार नाही.

पहिला मजकूर शुक्रवारी रात्री मला पाठव, बारापर्यंत जागी असते. ‘न्याय दिला’ सापडलं तर तेवढं खोडून बाकीचं तसंच परत पाठवीन.

तुझी,
आई