फ्लुरोसन्स मोजतात कसं, तेही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

फ्लुरोसन्सवर काही छापून आलं की चमकणाऱ्या द्रावणाचा फोटो असतो आणि खाली दोन ओळी, पण ते मोजतात कसं हे कुणी सांगतच नाही, आणि खरी मजा तर तिथंच आहे. फ्लुरोसन्स म्हणजे रेणू अल्ट्राव्हायोलेटसारखा प्रकाश शोषतो, थोडी ऊर्जा उष्णता म्हणून जाते, उरलेली बहुतेकदा काही नॅनोसेकंदांत जास्त तरंगलांबीचा प्रकाश होऊन बाहेर पडते. बाहेर पडणारा प्रकाश जास्त तरंगलांबीचा असतो, हे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने 1852 मध्ये मांडलं, क्विनाइनच्या (हिवतापावरच्या औषधाच्या) द्रावणावर प्रयोग करून.

मोजताना डिटेक्टर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सहसा दिव्याच्या झोताशी 90 अंशात ठेवतात, म्हणजे तो झोत थेट त्यात जात नाही, म्हणून तर अगदी बारीक मात्रासुद्धा पकडता येते. पण द्रावण फार घट्ट झालं, म्हणजे त्यात पदार्थाचं प्रमाण फार वाढलं, की आकडा वाढायच्या ऐवजी उलट कमी होऊ शकतो, कारण पुढचाच थर बराचसा प्रकाश खाऊन टाकतो, हे तर विद्यार्थ्यांना सांगायलाच पाहिजे हो! शिवाय मशीनवरचा आकडा त्या मशीनपुरताच, तुलना करायची तर क्विनाइन सल्फेटसारखं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरलेला पदार्थ, त्याच सेटिंगवर मोजावं लागतं.

यावर एक सविस्तर लेख द्या ना, आलेखासकट.

एक वाचक